शून्य नेमकं कोणाला?

परवा भाच्याने मला निकाल ऐकवला. "मामा, तुमच्या त्या अल्बमला दहापैकी शून्य मिळालेत! आणि तुम्ही त्याचं एवढं कौतुक करता?"

अल्बम म्हणजे 'झायरीका'. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीच्या 'फ्लेमिंग लिप्स' या बँडचा, ऑक्टोबर १९९७ चा. शून्य दिलं 'पिचफोर्क'ने. हे संगीत समीक्षेचं संकेतस्थळ दशांश चिन्हासकट गुण देतं, म्हणजे पुरतं ०.०. भाच्याने अल्बम ऐकलेला नाही आणि आता ऐकायची गरजही त्याला वाटत नाही. निकाल लागला ना! माझं डोकं फिरलं ते इथे.

आधी प्रकार काय तो सांगतो. अल्बमात चार सीडी. गाणी आठच, पण प्रत्येक गाण्याचे भाग चार सीडींवर वाटलेले. चार प्लेअर आणायचे, चारही सीडी एकदम सुरू करायच्या, तेव्हा कुठे गाणं पुरं होतं. त्यातून कोणतेही दोन प्लेअर अगदी एका गतीने चालत नाहीत आणि चार माणसांची बोटंही एकाच क्षणी दाबली जात नाहीत. त्यामुळे दर वेळी गाणं थोडं निराळं वाजतं.

हे खूळ एका रात्रीत सुचलेलं नव्हतं. १९९६ साली गिटारवादक रोनाल्ड जोन्स बँड सोडून गेला. त्याच सुमारास गायक वेन कॉइनने वाहनतळावर मोटारी जमवल्या, प्रत्येकीत वेगळी कॅसेट घातली आणि सगळ्या एकदम वाजवायला लावल्या. झायरीका ही त्या प्रयोगाची घरात आलेली आवृत्ती.

समीक्षकाची मुख्य तक्रार काय, तर सामान्य माणसाने चार प्लेअर आणायचे कुठून? तक्रार खोटी नाही. एका अल्बमासाठी एवढी यातायात करायला लावणं हा आगाऊपणा आहे, हे मीही कबूल करतो. पण मग तसं लिहा, की बाबांनो, हे महागात पडेल. गुण कशाला देता? आपल्याकडे चवथीच्या आरतीला घुमट लागतं, शामेळ लागतं, कासाळं लागतं. एखादा गृहस्थ घरात एकटाच घुमट घेऊन बसला आणि म्हणाला की आरतीत दम नाही, तर आपण त्याला काय म्हणू? "जा, शेजाऱ्यांना बोलावून आण" असंच ना?

पुढची गंमत बघा. १९९९ साली याच बँडचा 'द सॉफ्ट बुलेटिन' आला. निर्माता तोच, डेव्ह फ्रिडमन. दोन्ही अल्बमांचं कामही एकमेकांत मिसळलेलं. त्याला त्याच पिचफोर्कने दिले १०.०! दोन वर्षांत ही माणसं शून्यावरून दहावर गेली? माझ्या मते मोठा फरक एवढाच, की दुसरा अल्बम एका प्लेअरमध्ये मावतो. २०१० मध्ये मार्क रिचर्डसन यांनी झायरीकावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि हेच गृहस्थ पुढे पिचफोर्कचे मुख्य संपादक झाले. पुस्तक वाचायला वेळ लागतो, शून्य मात्र एका नजरेत दिसतं. भाच्याला शून्यच माहीत आहे.

आम्ही तो अल्बम ऐकला २००५ च्या पावसाळ्यात, फोंड्याजवळ एका मित्राच्या घरी, सोप्यावर. दोन जुने सीडी प्लेअर, एक डीव्हीडी प्लेअर आणि एक कॉम्प्युटर. पहिल्या खेपेला एकजण "तीन"वर दाबायचं की "तीन" म्हणून झाल्यावर, यावरच अडला. सगळं बेसूर! हसून हसून पुरेवाट. तिसऱ्या खेपेला जमलं. एका गाण्याच्या शेवटी चारही बाजूंनी कुत्री भुंकू लागतात. तेव्हा वाड्यावरच्या खऱ्या कुत्र्यांनीही साथ धरली आणि मित्राची आई काय झालं म्हणून कंदील घेऊन बाहेर आली. (वीज गेलेली नव्हती, पण त्या माउलीला तसंच वाटलं.) आम्ही आठही गाणी ऐकली. सगळी आवडली असं नाही. दोन तर मला अजूनही रटाळ वाटतात. पण आम्ही ऐकली.

आता लोक म्हणतात, चारही सीडी कॉम्प्युटरवर एकत्र करून एकच फाइल बनवता येते, एवढा त्रास कशाला? माझ्या मते हे शून्य देण्याहून वाईट. शून्य देणाऱ्याने निदान अडचण मान्य केली. फाइलवाला ती पुसून टाकतो आणि वर "मी ऐकलाय" म्हणतो. एकट्याने, कानात बोंडं खुपसून, कोणाशीही "एक, दोन, तीन" न म्हणता!

आमच्या चौघांतले दोघे आता इंग्लंडात आहेत. चारही सीडी माझ्या कपाटात आहेत, पण त्या रात्रीनंतर अल्बम पुन्हा लागलेला नाही. हे शून्य कोणाच्या खात्यावर मांडायचं?

असो. भाच्याला सांगितलंय, मत मागाहून दे. आधी तीन मित्र आणि तीन प्लेअर घेऊन ये. चौथा माझ्याकडे आहे, अजून चालतो.