अपडेट नको, डाव हवा

कल्पना करा, उद्या एखादी कंपनी जाहीर करते: या दिवाळीपासून बदाम राणी बाद. इस्पिकचा एक्का आणखी वर्षभर चालेल, मग तोही बाद. त्यांच्या जागी नवी पानं येताहेत, बंद पाकिटात. कुठलं पान निघेल ते तुमच्या नशिबावर. आणि हो, पुढच्या तिमाहीत किलवरच्या जागी स्पायडरमॅन. गणपतीत रात्र रात्र मेंढीकोट खेळणारा कुठलाही माणूस या कंपनीला वेड्यात काढेल.

ट्रेडिंग कार्ड गेमच्या जगात मात्र याला 'रोडमॅप' म्हणतात आणि लोक त्यासाठी आगाऊ पैसे भरतात.

हे खेळ कधी पाहिले नसतील तर थोडक्यात सांगतो. १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने 'मॅजिक: द गॅदरिंग' आणला. त्यातली अफलातून कल्पना अशी, की सगळ्यांनी एकाच कॅटमधली पानं वाटून घ्यायची नाहीत. प्रत्येकाने आपापला निदान साठ पानांचा डेक घरून बांधून आणायचा. कुठली साठ घ्यायची, हा निम्मा खेळ. पण खेळणाऱ्याला आवडलेली ही कल्पना विकणाऱ्यालाही भलतीच सोयीची निघाली. नवी पानं येत राहिली की विक्री होत राहते. मग जुन्यांचं काय करायचं? मॅजिकने 'स्टँडर्ड' या प्रकारात रोटेशन ठेवलं: ठरावीक काळ उलटला की जुने संच स्पर्धेतून बाहेर. 'यू-गी-ओ'ने रोटेशन केलं नाही, पण नवी पानं इतकी जोरकस होत गेली की जुनी आपोआप निकामी झाली. रस्ते दोन, पण दोन्ही तुमच्या खिशाकडेच जातात.

या सगळ्याला कंटाळून काही खेळाडूंनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी तारीख गोठवली. स्वीडनमधल्या मार्टिन बर्लिनने २०१२ मध्ये मॅजिकचा 'प्रीमॉडर्न' हा प्रकार सुरू केला. यात १९९५ च्या 'फोर्थ एडिशन'पासून २००३ च्या 'स्कर्ज'पर्यंतचीच पानं चालतात. त्यानंतर काहीही निघो, आत प्रवेश नाही. यू-गी-ओवाल्यांचं 'गोट फॉरमॅट' २००५ च्या मध्यावर थांबलेलं आहे. 'स्केपगोट' नावाच्या पानातून मैदानावर चार मेंढ्या येतात, त्या पानावरून हे नाव पडलं. कंपनीने हुकूम सोडला म्हणून हे प्रकार जन्मले नाहीत. खेळणाऱ्यांनी ठरवलं आणि खेळायला लागले.

यावर पहिला टोमणा ठरलेला: 'नॉस्टॅल्जिया, दुसरं काय!' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. २००३ साली मी बालवाडीत होतो. 'स्कर्ज'चं पाकीट मी तेव्हा फोडलं नाही, फोडताना कुणाला पाहिलंही नाही. जे दिवस आपण जगलोच नाही, त्यांच्या आठवणीने गहिवरणार कसं? माझ्या वयाचा माणूस तिथे येतो, कारण तो खेळ चांगला आहे आणि उद्या सकाळी तो बदललेला नसणार आहे. बुद्धिबळ खेळणाऱ्याला कुणी 'नॉस्टॅल्जिक' म्हणत नाही. मग आम्हालाच का?

दुसरा आक्षेप जास्त विचारी आहे. पानं ठरावीक असतील तर एक दिवस सगळी उत्तरं सापडतील आणि खेळ संपेल. एखादा छोटा खेळ संपेलही. पण इथे हजारो पानांतून साठ निवडायची आहेत. आणि समोरचा काय निवडून आणेल, याचा अंदाज घेऊन आपली निवड करायची आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं गणित ज्याने पास केलंय, त्याने हा आकडा किती मोठा होतो याचा अंदाज घ्यावा आणि मग 'संपेल' म्हणावं.

एक उदाहरण घ्या. 'फायरेक्सियन ड्रेडनॉट' हे १९९६ चं पान. एका मॅनात, म्हणजे जवळपास फुकटात, १२/१२ ताकदीचा राक्षस मिळतो. मेख अशी, की मैदानात येताच तो तुमच्याच प्राण्यांचा बळी मागतो. दिला नाही तर स्वतःच मरतो. 'स्टायफल' हे २००३ चं पान. ते अशी आपोआप लागू होणारी अट रद्द करतं. दोन्ही एकत्र खेळा: बळीची मागणी रद्द, राक्षस जागेवर उभा. ही पानं सात वर्षांच्या अंतराने छापली गेली, आणि आज ती जोडी प्रीमॉडर्नमधल्या नावाजलेल्या डेकचा कणा आहे. तिकडे गोट फॉरमॅटमध्ये 'केऑस टर्बो' हा डेक २००५ साली फारसा दिसत नव्हता. आज तो वरच्या फळीत गणला जातो. पान एकही वाढलं नाही, माणसांची समज वाढली. वाढ म्हणतात ती हीच ना?

याउलट नव्याच्या रतिबाचं बघा. २०२५ या एकाच वर्षात मॅजिकच्या स्टँडर्डमध्ये सहा नवे संच आले. त्यातले तीन तर उसन्या जगांतले: 'फायनल फँटसी', 'स्पायडरमॅन', 'अवतार'. म्हणजे सरासरी दोन महिन्यांना एक. कामधंदा करणाऱ्या माणसाने एक संच समजून घ्यायचा कधी? जाणायला वेळ नाही, म्हणून तयार डेकची यादी इंटरनेटवरून उचलायची, पानं विकत घ्यायची, पुढच्या संचाची वाट बघायची. यात खेळाडू उरतो कुठे? उरतो तो फक्त गिऱ्हाईक.

माझ्या धंद्यात हे रोज दिसतं. दर सहा महिन्यांनी नवं जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क येतं, जुनं शिकलेलं पाण्यात जातं. पण ज्याने एसक्यूएल नीट शिकून घेतलं, त्याचं ज्ञान आजही व्याज देतंय. कौशल्य साठायचं तर खालची जमीन स्थिर लागते. जमीन कुणीतरी सतत हलवत असेल, तर तुम्ही कायम नवशिके राहता. आणि नवशिक्याला काहीही विकता येतं.

तिसरा आक्षेप पैशांचा. जुनी पानं महाग असतात, हे खरं. इथे मी आमच्याच बाजूच्या लोकांशी भांडणार आहे. अगदी सुरुवातीच्या पानांवर खेळल्या जाणाऱ्या 'ओल्ड स्कूल'मधले काही गट मूळ छपाईचंच पान हवं म्हणून हटून बसतात. तो श्रीमंतांचा संग्रह झाला, खेळ नव्हे. आपला उपाय सोपा: पान छापा, स्लीव्हमध्ये घाला, खेळा. नकली पान असली म्हणून विकणं ही फसवणूक. मित्रांत खेळायला छापणं नव्हे. आणि कंपनीने यावर नाक मुरडू नये. २०२२ मध्ये तिने स्वतःच, तिसाव्या वाढदिवसाच्या नावाखाली, जुन्या पानांच्या नव्या प्रती विकल्या, ज्या अधिकृत स्पर्धेत चालतच नाहीत. चार पाकिटं, किंमत ९९९ डॉलर. तेच काम आपल्या नाक्यावरचा झेरॉक्सवाला काही रुपयांत करतो.

'मग नवी पानं काढूच नयेत का? चित्रकारांनी, डिझाइनरांनी काय खायचं?' जरूर काढावीत. चांगली निघाली तर आम्हीही घेऊ. माझं भांडण नव्या पानाशी नाही. 'नवं आलं म्हणून तुझं जुनं बाद' या वाक्याशी आहे. हे वाक्य आपण फोनच्या बाबतीत ऐकून घेतलं, ॲपच्या बाबतीत घेतलं, आता गाणी आणि सिनेमेही महिन्याच्या भाड्याने घेतो. पण पत्ता ही हातात धरायची वस्तू आहे. त्यावरचा मजकूर कुठलाही सर्व्हर रात्रीतून पुसू शकत नाही. तो बाद होतो तो फक्त आपण 'बाद' मान्य केलं म्हणून.

तेव्हा मान्य करू नका. चार मित्र जमवा, कुठलाही खेळ घ्या, एक तारीख ठरवा. त्या तारखेनंतरचं पान आपल्या टेबलावर येणार नाही, एवढाच एक नियम. मग वर्षभर तेच खेळा. दहाव्या डावात कंटाळा येईल. तो येऊ द्या, पिसत राहा. तीसाव्या डावात कुणीतरी असं पान टाकेल, जे तुम्ही शंभरदा पाहिलंय आणि कधी नीट वाचलंच नव्हतं.