आधी पेट्रोल, मग सेल्फ

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकी वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र व्हिंटेज नोंदणी मिळू लागली. मात्र अशी नोंदणी घेतलेल्या गाडीचा नित्याचा किंवा व्यावसायिक वापर करता येत नाही, प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेल्या जुन्या फियाट ११०० गाड्या या वयोमर्यादेत केव्हाच आल्या आहेत, आणि १९७० च्या दशकाच्या मध्यास ‘पद्मिनी’ हे नाव घेतलेल्या पहिल्या गाड्याही आता तिथे पोहोचत आहेत. नियमाचा हेतू योग्य असला, तरी त्यामुळे या गाड्या महिनोन्‌महिने उभ्या राहणार हे गृहीत धरावे लागते, आणि म्हणूनच कोरडी पडलेली इंधनव्यवस्था पुन्हा कशी भरावी, हा प्रश्न आता जतनशास्त्राचाच एक भाग मानला पाहिजे.

गाडी उभी राहिली की पेट्रोल प्रथम कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधून जाते. फ्लोट चेंबर म्हणजे इंजिनाला लागणारे थोडेसे पेट्रोल ठरावीक पातळीवर साठवणारी कुपी. तिला हवेसाठी छिद्र ठेवावेच लागते, आणि त्याच वाटेने पेट्रोलाचे हलके घटक उडून जातात. त्यानंतर पंपातील एकमार्गी झडपा सुकून नीट मिटेनाशा होतात, व मागच्या टाकीपासून पुढे आलेल्या लांब नळीतले पेट्रोल हळूहळू मागे उतरते. अशा अवस्थेत सेल्फ मारला, तर पंपाला पेट्रोलाऐवजी हवा ओढावी लागते, आणि सुकलेल्या झडपांनी हवा ओढणे हे त्याला सर्वांत अवघड जाणारे काम आहे.

हा पंप, ज्याला गॅरेजमध्ये एसी पंप म्हणतात, कॅमशाफ्टवरील एका उंचवट्याने हलतो, आणि कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो. सेल्फवर इंजिन मिनिटाला साधारण २०० फेरे घेते असे धरले, तर दहा सेकंदांत पंपातील पेट्रोल ओढणाऱ्या पडद्याला जेमतेम सोळा-सतरा हेलकावे मिळतात. एवढ्यात लांब नळी भरत नाही, म्हणून सेल्फ पुनःपुन्हा मारला जातो, बॅटरी उतरते आणि सेल्फची मोटर तापते. यावर उतारा म्हणून एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतण्याची पद्धत रूढ झाली आहे, आणि ती तत्काळ थांबली पाहिजे. ओतलेल्या पेट्रोलाची वाफ न होता ते द्रवरूपातच सिलिंडरमध्ये उतरते, भिंतींवरचा तेलाचा थर धुऊन काढते आणि खाली जाऊन इंजिनऑइल पातळ करते. शिवाय इंजिनाने उलटा भडका घेतला, तर ज्योत उघड्या तोंडातून थेट बाटली धरलेल्या हातापर्यंत येते. गाडी लवकर सुरू होते हा या पद्धतीचा एकमेव गुण असून, एवढ्या धोक्यासाठी तो फार थोडा आहे.

खरा उपाय पुष्कळ पंपांच्या अंगावरच दिलेला असतो, तो म्हणजे हाताने पंप चालवण्याची लहानशी लिव्हर. मात्र तिची भाषा समजून घ्यावी लागते. प्रारंभी लिव्हर पडदा खाली ओढते तेव्हा स्प्रिंगचा विरोध हाताला जाणवतो. फ्लोट चेंबर भरून त्याची सुईसारखी झडप बंद झाली, की पेट्रोलाला पुढे वाट उरत नाही, पडदा खालीच अडकून राहतो आणि लिव्हर सैल पडते. ही सैलता म्हणजे काम पूर्ण झाल्याची खूण होय. परंतु कॅमचा उंचवटा नेमका पंपाच्या दांड्यावर येऊन थांबला असेल, तर पडदा आधीच खाली ओढलेला असल्याने लिव्हर पहिल्या क्षणापासून सैल लागते, आणि पंप निकामी झाल्याचा समज होऊन चांगला पंप फेकला जातो. अशा वेळी क्रँकशाफ्ट हाताने एक पूर्ण फेरा फिरवावा, म्हणजे कॅमशाफ्ट अर्धा फेरा फिरून उंचवटा दांड्यापासून दूर जातो. पंप असा हाताने भरता यावा, म्हणून बदली पंप घेताना लिव्हर असलेलाच घ्यावा, मग तो थोडा महाग पडला तरी चालेल.

लिव्हर नसेल, तर इग्निशन बंद ठेवून फ्लोट चेंबर त्याच्या हवेच्या नळीतून सिरिंजने भरता येते, आणि पंपात पेट्रोल जिथून शिरते त्या तोंडात थोडे पेट्रोल सोडून झडपा ओल्या करता येतात. ओल्या झडपा नीट मिटतात आणि पंप ओढू लागतो. एवढे करूनही पेट्रोल चढत नसेल, तर टाकी ते पंप या भागातील नळी तपासावी, कारण तिथे दाब नसून ओढ असते; बारीक चिरा गेलेले रबर तिथे पेट्रोल बाहेर गळू न देताही आत हवा घेत राहते, आणि म्हणूनच जमिनीवर थेंब न दिसणे हा नळी शाबूत असल्याचा पुरावा ठरत नाही. देशभर मिळू लागलेल्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलाने ही तपासणी अधिकच निकडीची केली आहे, कारण जुन्या गाड्यांचे रबर आणि पडदे त्या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते, शिवाय इथेनॉल हवेतील ओलावाही शोषून घेते.

विजेवर चालणारा पंप बसवून हा सारा खटाटोप टाळावा, असे सुचवले जाते. मॉरिस मायनरसारख्या गाडीत तसा एसयू पंप मुळातच होता: किल्ली फिरवताच तो टिकटिकू लागतो आणि चेंबर भरले की थांबतो. जिथे तो मूळचा आहे तिथे तो राखावा. परंतु फियाटमध्ये नंतर बसवायचा असेल, तर इंजिन बंद पडताच पंप थांबवणारी व्यवस्था त्याच्याबरोबर हवीच, अन्यथा अपघातानंतर तुटलेल्या नळीतून तो पेट्रोल ओतत राहील. इंजेक्शनच्या गाडीचा पंप तर मुळीच वापरू नये, कारण त्याच्या दाबापुढे फ्लोटची झडप टिकत नाही. आणि पंप कोणताही असो, गाडी सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे बोनेट उघडेच ठेवून प्रत्येक जोड नजरेखालून घालावा, जवळ अग्निशामक असावा, आणि एकही जोड ओला दिसला तर इंजिन लगेच बंद करावे.