किल्ली रुसते तेव्हा

रात्रीचे साडेनऊ वाजलेले. बंगळुरूच्या जयनगरमधील एखाद्या अपार्टमेंटचे तळघर डोळ्यांसमोर आणा. कडेवर तापाने फणफणलेले मूल, खांद्याला पर्स आणि पर्समध्ये मोटारीची किल्ली. आई दाराच्या मुठीला हात लावते. एरवी 'टिक' असा आवाज होतो आणि दार उघडते. आज काहीच होत नाही. ती पर्स दाराजवळ नेते, पुन्हा हात लावते, किल्ली चाचपडून बटन दाबते. दार ढिम्म. शेवटी रिक्षा करून दवाखाना गाठावा लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा खाली जातो. मुठीला हात लावताच दार उघडते. वर येऊन तो म्हणतो, "अगं, गाडी तर ठीक आहे. तूच घाईत काहीतरी केलं असशील."

"अहो, चार वेळा हात लावला मी!" ती सांगते. पण सकाळी उघडलेले दार तिच्याविरुद्ध साक्ष देत असते.

असा प्रसंग आज कोणत्याही घरात घडू शकतो. बिघाड कायमचा असला की तो सर्वांना दिसतो, गाडी गॅरेजमध्ये जाते आणि विषय संपतो. परंतु अधूनमधून येणारा बिघाड दाखवता येत नाही. गॅरेजमध्ये गाडी नेली की तो नेमका लपून बसतो. मग दोनच गोष्टी घडतात. एकतर तक्रार करणारी व्यक्ती खोटी ठरते, नाहीतर अंदाजाने महागडा भाग बदलला जातो आणि आठवड्याभरात दार पुन्हा रुसते. खरे तर थोडे डोके शांत ठेवले, तर याचा छडा घरच्या घरी बराचसा लावता येतो.

दार आणि किल्लीचे बोलणे

दुरून उघडणाऱ्या कुलपाचा मान फ्रान्सच्या रेनो कंपनीच्या फ्यूएगो या मोटारीकडे जातो. ते साल होते १९८२. त्यात बटन दाबावे लागे. आजच्या कीलेस गाडीत तेही करावे लागत नाही. मुठीला हात लावला की गाडी अगदी हलक्या आवाजात विचारते, "किल्ली जवळ आहे का?" हा प्रश्न साधारण १२५ किलोहर्ट्झच्या बिनतारी लहरींवरून जातो आणि जेमतेम मीटर-दीड मीटरपर्यंतच ऐकू येतो. किल्ली तो ऐकून जागी होते आणि आपली सांकेतिक खूण परत पाठवते. हे उत्तर बहुधा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवरून येते. खूण पटली की दार उघडते.

म्हणजे इथे प्रश्न आहे, तो ऐकणे आहे, उत्तर आहे आणि ते पटणेही आहे. यांपैकी एक कडी कच्ची झाली तरी दार उघडत नाही. कोणती कडी कच्ची आहे, एवढेच शोधायचे असते.

आता त्या नवऱ्याची चूक पाहा. सकाळी त्याने तपासली ती स्वतःची किल्ली. ती त्याच्या पँटच्या खिशात एकटीच होती. पत्नीची किल्ली मात्र पर्समध्ये, मोबाइल फोन आणि पॉवर बँकेला चिकटून पडलेली. फोन, चार्जर, नाणी, धातूचा डबा यांच्या सान्निध्यात तो हलका प्रश्न किल्लीपर्यंत नीट पोहोचत नाही. किल्ली अशा वस्तूंपासून दूर ठेवावी, असे गाड्यांच्या पुस्तिकांतही सांगितलेले असते. पण ती पुस्तिका वाचतो कोण?

आधी वही, मग पाना

गाडीत एक छोटी वही ठेवावी. दार उघडले नाही की चार ओळी लिहाव्यात. वेळ कोणती, गाडी कुठे उभी होती, किल्ली कोणती व ती कुठे ठेवली होती, कोणत्या दाराला हात लावला. पावसात गाडी भिजली होती का आणि किती दिवस जागची हलली नव्हती, हेही लिहावे. दहा नोंदी झाल्या की बिघाड आपले तोंड दाखवू लागतो.

• दुसरी किल्ली आठवडाभर वापरून पाहावी. तिनेही दार अडत असेल, तर दोष गाडीत किंवा जागेत आहे. फक्त एकाच किल्लीने अडत असेल, तर दोष त्या किल्लीत किंवा ती ठेवण्याच्या जागेत आहे. अदलाबदल करताना किल्ली ठेवण्याची जागा मात्र तीच ठेवावी. नाहीतर काही कळत नाही.

• बटनाने दार उघडते पण हात लावून उघडत नाही, असे असेल तर किल्लीचे उत्तर गाडीपर्यंत पोहोचते आहे. तेव्हा मुठीतील स्पर्शाची जागा किंवा गाडीचा प्रश्न विचारणारा अँटेना यांच्याकडे पाहावे.

• चालकाचे दार अडते पण शेजारचे उघडते? मग किल्ली निर्दोष. दाराच्या बिजागरीपाशी रबरी नळीतून वायरी जातात. हजारो वेळा दार उघडून-मिटून एखादी वायर आतून तुटू शकते. ती कधी टेकते, कधी नाही.

• गाडी चार-पाच दिवस उभी राहिल्यावरच त्रास होतो? मग गाडीची १२ व्होल्टची बॅटरी तपासून घ्यावी. बंद गाडीत ती भरलेली असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली उतरली की गाडीतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा लहरीपणा करू लागते.

• एकाच ठिकाणी त्रास होतो आणि चार गल्ल्या पुढे गाडी नेली की सगळे ठीक? मग दोष हवेत आहे.

हवेतला दोष म्हणजे थट्टा नव्हे. अमेरिकेतील ओहायो राज्यात नॉर्थ ओल्मस्टेड नावाचे गाव आहे. तेथे २०१९ साली एका वस्तीतील लोकांच्या मोटारींच्या रिमोट किल्ल्या आणि गॅरेजचे दरवाजे काम करेनासे झाले. तर्ककुतर्क झाले, तंत्रज्ञ येऊन गेले. अखेर एका घरात उगम सापडला. वरच्या मजल्यावर कुणी आहे का हे तळघरात कळावे, म्हणून तेथील रहिवाशाने हौसेने एक बॅटरीवरचे यंत्र बनवले होते. ते सतत लहरी सोडत होते. आपल्यामुळे शेजारी हैराण झाले आहेत, याची त्याला कल्पनाही नव्हती. यंत्र बंद केले आणि सगळे सुरळीत झाले.

आपल्याकडे एवढे दूर जायला नको. बंगळुरूच्या जेसी रोडवर मोटारींच्या हौसेच्या वस्तूंची दुकानेच दुकाने आहेत. तिथून आणलेला स्वस्त चार्जर किंवा एलईडी दिवाही असा व्यत्यय आणू शकतो. बिघाड सुरू होण्याच्या सुमारास गाडीत नवे काय बसवले, हे आठवावे. ती वस्तू काही दिवस काढून ठेवावी. याला एक पैसाही लागत नाही.

बटनाएवढा सेल

पुष्कळदा चोर सापडतो तो किल्लीतील चपट्या सेलमध्ये. बऱ्याच किल्ल्यांत सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल असतो. २० म्हणजे मिलिमीटरमध्ये व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. थकलेला सेल विश्रांती मिळाली की थोडा सावरतो. म्हणूनच रात्री अडलेले दार सकाळी उघडते आणि सांगणारी खोटी ठरते. सेल बदलताना जुन्यावरचा आकडा पाहून तोच घ्यावा, अधिक खुणेची बाजू लक्षात ठेवावी आणि सेल स्वच्छ कपड्याने धरावा. काही सेलांवर मुलांनी गिळू नये म्हणून कडू लेप असतो. काही उपकरणांत तो लेप स्पर्शात अडथळा आणतो. नवा सेल घालूनही फरक पडला नाही, तर लेप नसलेला सेल घालून पाहावा. मात्र तो मुलांपासून अधिकच जपावा.

जुना सेल टेबलावर ठेवू नये. लहान मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही गंभीर भाजते. तशी नुसती शंका आली तरी मुलाला तात्काळ रुग्णालयात न्यावे.

अडल्या वेळी

प्रत्येक घरात आणखी तीन गोष्टी सर्वांना ठाऊक हव्यात. पहिली, बहुतेक कीलेस किल्ल्यांच्या पोटात एक साधी धातूची किल्ली दडलेली असते. दारावरचे छिद्र कधीकधी मुठीच्या टोपणाखाली लपवलेले असते. तिने दार उघडल्यावर भोंगा वाजू शकतो, घाबरू नये. दुसरी, सेल पूर्ण संपला असला तरी बऱ्याच गाड्यांत किल्ली स्टार्टच्या बटनाला टेकवली की गाडी सुरू होते. नेमकी जागा पुस्तिकेत दिलेली असते. तिसरी, मूल आत बसवून "किल्ली आत असताना गाडी लॉक होत नाही" या भरवशावर बाहेर उतरू नये. जी किल्ली कधी ऐकते आणि कधी नाही, तिच्यावर मूल सोपवायचे नसते.

दार बंद झाले का, हे तपासतानाही गंमत होते. किल्ली खिशात असताना मूठ ओढली की दार उघडणारच. म्हणून किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊन त्याला चार पावले लांब उभे करावे आणि मग दार ओढून पाहावे.

इतके करूनही दोष राहिला तर गॅरेजमध्ये वही घेऊन जावे. संगणकावर गाडीतील दोषांच्या नोंदी वाचून दाखवा, म्हणून सांगावे. कारण कळल्याशिवाय भाग बदलायला संमती देऊ नये. वहीतल्या दहा नोंदी पाहिल्या की कारागीरही अंदाज सोडून नेमके शोधू लागतो.

आणि त्या जयनगरच्या घरात? तिथे नवऱ्याने एक दिवस पत्नीची किल्ली, पत्नीची पर्स आणि रात्रीची वेळ घेऊन तळघरात जावे. दार उघडले नाही, तर वर येऊन "माझं चुकलं" एवढे म्हणावे. नवा सेल थोड्या पैशांत मिळतो. तो घालून किल्ली पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात एकटीच ठेवावी. बिघाड आपल्या हाताला येत नाही, म्हणून तो दुसऱ्याच्या हातालाही येत नसेल, असे नसते.