रागाचाही ठेका असतो

बालवाडीतली गाणी बहुतेक पाठांतराची असतात: अंक, वार, फळे, सवयी. रुसलेल्या किंवा घाबरलेल्या मुलाला त्यांत जागा नसते. तीन-चार वर्षांच्या मुलाजवळ रागासाठी शब्द कमी असतात, लय मात्र भरपूर असते. पाच वर्षांची मुले गाण्याच्या वेगावरून आनंद आणि दुःख ओळखतात, असे अभ्यासांत आढळले आहे. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांच्या पद्धतीतही स्वरलिपी नंतर येते. आधी टाळ्या, पावले, ढोलके आणि मुलाने स्वतः रचलेला ठेका. ‘आज तुझा राग कसा वाजतो?’ एवढे विचारले तरी मूल जोरात बडवते, मग हळू, मग थांबते. यावर आक्षेप दोन. बडवल्याने राग वाढेल, हा पहिला; नुसतेच बडवू दिले तर तो खराही ठरेल, म्हणून वेग उतरवणारी बाईंची साथ हवी. बाईंना संगीत येत नाही, हा दुसरा. त्यात मला दम वाटत नाही. इथे सूर शिकवायचा नसून ऐकायचा आहे, आणि डबा-चमचा प्रत्येक अंगणवाडीत असतो. तेव्हा बाई, यंदा स्नेहसंमेलनातला एक बसवलेला नाच कमी करा आणि तो वेळ मुलांच्या ठेक्याला द्या.