बारदानासकट वजन

पानशेत, वरसगाव आणि भाटघर या जलाशयांच्या काठी वेल्हे व भोर तालुक्यांत शहरवासीयांचे बंगले उभे राहिले, आणि जवळच सिंहगडाच्या पायथ्याशी डोणजे येथे मार्च 2007 मध्ये रात्रीच्या नृत्यमेजवानीवर पोलिसांचा छापा पडला, तेव्हापासून या मुलखात नशापाण्याचा विषय निघाला की कायदा जितका कठोर तितका उत्तम, असे मानणारे पुष्कळ भेटतात. एलएसडी हे नशेचे द्रव्य टिपकागदात जिरवलेले सापडते; त्याचा जप्त मुद्देमाल कागदासकट तोलावा, हे त्यांना अर्थातच पसंत पडते. या मताला आधार नाही असे नव्हे. अमली पदार्थविरोधी कायद्याखालील 2009 च्या अधिसूचनेने शुद्ध द्रव्याऐवजी संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावयास सांगितले, सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हिरा सिंग खटल्यात तीच रीत उचलून धरली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये, कागद औषधाबरोबर गिळलाच जातो या युक्तिवादाने, ती टिपकागदाला लागू केली.

परंतु अल्बर्ट हॉफमन यांनी 1938 मध्ये बाझेलच्या सँडोझ कंपनीत प्रथम सिद्ध केलेले हे द्रव्य इतके जहाल, की 1943 मध्ये त्यांनी अत्यल्प समजून स्वतः घेतलेला पाव मिलिग्रॅमही अतोनात ठरला. मेंदूतील सिरोटोनिनच्या ग्राहींना घट्ट बिलगणारा हा रेणू शंभर मायक्रोग्रॅममध्ये काळाचे व 'मी'पणाचे भान कित्येक तास ढवळून काढतो. म्हणूनच 1985 च्या त्या कायद्याखालील 2001 च्या कोष्टकात हेरॉइनचे अल्प परिमाण 5 ग्रॅम, तर एलएसडीचे 0.002 ग्रॅम आणि व्यापारी परिमाण 0.1 ग्रॅम आहे. शुद्ध द्रव्याच्या हिशेबाने अनुक्रमे वीस व हजार मात्रा. कागद धरला, की सुमारे दहा मिलिग्रॅमचा एकच चौकोन अल्प परिमाणाच्या पाचपट भरतो, आणि दहा-बारा चौकोन बाळगणारा पोरगा व्यापारी परिमाणाच्या, म्हणजे किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीच्या व कलम 37 च्या जामिनाच्या कडक अटींच्या कक्षेत येतो. ज्या अर्थाने कोष्टकातील अल्प परिमाणाचा रकाना एलएसडीपुरता कायमचा रिकामा पडावा, तो कायदेकर्त्यांना अभिप्रेत होता असे मानणे मला तरी दुष्कर वाटते. वेल्ह्याचा आंबेमोहर तोलताना बारदान वजा होते. बारदान कोणी खात नाही हे खरे, पण कागद खाल्ल्याने नशा कणभरही वाढत नाही, हेही तितकेच खरे.

शरीराला चटक लागत नाही, सबब हे द्रव्य मोकळे सोडा, म्हणणाऱ्यांचीही मी तरफदारी करीत नाही. मुळात दुबळ्या मनाला त्यातून जडणारा उन्माद त्यांनी विचारात घेतलेला दिसत नाही. केंद्र सरकारने 2009 च्या अधिसूचनेत एलएसडीपुरता अपवाद घालावा आणि प्रयोगशाळेच्या अहवालात शुद्ध द्रव्याचे वजन सक्तीचे करावे. हजाराहून अधिक चौकोनांचा व्यापार मांडणारा त्या हिशेबानेही सुटत नाही.