घडीच्या चाकूचे पाते एका अंगास का जाते?

नायगाव भागातील सोयाबीन-कापसाच्या शेतकऱ्यास घडीचा चाकू सुतळी कापण्यापुरता लागतो; परंतु ज्याने मोसंबीची कलमे घरीच करावयास घेतली, त्याचे सारे काम त्या पात्यावर अवलंबून असते. मोसंबीचा डोळा जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर भरतात. साल चिरावी, पण आतील लाकूड दुखावू नये, इतका तो छेद नाजूक. पाते मिटताना मुठीस घासू लागले म्हणजे धार मरते, बोथट धार साल फाडते, आणि डोळा वाळून जातो.

अशा वेळी पाते दगडावर ठेवून हातोडीने ठोकण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस सर्वस्वी चुकीची वाटते. कडक पाण्याचे पाते ठोक्याने तुटते. भट्टीत तापविले तर पाणी उतरते. दप्तरात मूळ कागद पाहिल्यावाचून फेरफार होत नाही, मग चाकूनेच काय अपराध केला आहे?

प्रथम चाकू मिटून उजेडात धरावा व पाते कोणत्या बाजूस टेकते, तेथे घासल्याची चकचकीत रेघ आहे काय, हे पाहावे. नंतर पाते अर्धे उघडून आडवे हलवावे. हलले तर दोष पात्याचा नसून ज्या खिळीवर ते फिरते तिचा, अथवा तिच्यालगतच्या झिजलेल्या चकतीचा होय. तेथे स्क्रू असल्यास किंचित आवळून पाहावा. हलत नसेल तर पाते पूर्ण उघडून पाठीच्या बाजूने एका डोळ्याने नजर लावावी. डब्याचे झाकण उचकटल्याने वाकलेले पाते तेव्हाच ओळखू येते. पाते सरळ व घट्ट असूनही मिटताना घासत असेल तर मूठ पाहावी. लाकडी मूठ पावसाळ्यात फुगते. खिळीचे भोकच तिरपे असेल तर मात्र घरगुती इलाज नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. कलमाच्या पुष्कळ चाकूंस एकाच अंगाने धार लावलेली असते, त्यामुळे सरळ पातेही कललेले भासते. दोन-तीन पात्यांच्या चाकूंत तर पाती एकमेकांस चुकवून बसावीत म्हणून कारागीर ती मुद्दामच किंचित वळवितात. जे पाते मध्यावर नसूनही कोठे घासत वा हलत नाही, त्यास हात लावू नये.

नवा चाकू घेताना दुकानदार कुरकुरला तरी दोन वेळा उघडून-मिटून पाहावा.