मालक चहाला गेले

महिन्याची २० तारीख जवळ आली की कन्हानच्या बाजारातल्या दुकानांत हे बोलणं हमखास कानावर पडतं. ‘भाऊ, टॅली उघडूनच नाही राहिली.’ ‘एनीडेस्क चालू करा, नंबर सांगा.’ नंबर सांगितला जातो, ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबलं जातं आणि नागपुरात बसलेल्या माणसाच्या हातानं इथल्या पडद्यावरचा बाण सरकू लागतो. जीएसटीचं विवरणपत्र वेळेत जातं, पुलापलीकडे कामठीमार्गे नागपूरची चक्करही वाचते. या सोयीला नाव ठेवायचं कारण नाही.

दुरून संगणक चालवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत येणाऱ्याला वेगळा, कोरा पडदा मिळतो. दुसरीत तुमचा चालू पडदाच दोघांचा होतो. उघडी असलेली प्रत्येक खिडकी त्यालाही दिसते. दुरुस्तीला हीच तऱ्हा बरी, कारण तो काय करतोय ते आपल्यालाही दिसतं. अर्थात, बघायला कुणी बसलेलं असेल तर! ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबून मालक टपरीवर जातात. काही जण तर ‘दरवेळी कोण विचारत बसेल’ म्हणून कायमचा पासवर्डच देऊन मोकळे होतात.

टॅलीतला हिशेब मालकाचा. तो कुणाला दाखवायचा ते मालकानं ठरवावं. पण ऑनलाइन अर्जांच्या दुकानात काय? हा कोळसा खाणींचा पट्टा. नोव्हेंबरात वेकोलिचे (वेस्टर्न कोलफील्ड्सचे) निवृत्त कामगार हयातीच्या दाखल्यासाठी रांग लावतात. त्या डेस्कटॉपवर अनेकांच्या आधारकार्डांचे स्कॅन, पासबुकांची पहिली पानं पडून असतात, शेजारी व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडं. पडदा दुरुस्तीवाल्याच्या हाती देताना त्या म्हाताऱ्यांना कुणी विचारलेलं नसतं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं एनीडेस्कचंच नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं: ठग मोबाइलवर हे अ‍ॅप घ्यायला लावतात, नऊ आकडी कोड मागतात आणि यूपीआयवरून पैसे वळवतात. दोष अ‍ॅपचा नव्हता. ठगालाही तोच नंबर आणि तीच परवानगी लागते, जी आपण दुरुस्तीवाल्याला सवयीनं देतो.

दुकानदारांनी आज एवढं करावं: तो कायमचा पासवर्ड काढून टाकावा, गिऱ्हाइकांच्या फायली काम झालं की पुसाव्यात, आणि बाण फिरत असेपर्यंत चहा खुर्चीतच मागवावा.